फेबीचा चेहरा

"ओठ सैल सोड, बाळ. हसू नकोस, रंग पसरेल."

फेबीने ओठ सैल सोडले, पण डोळे हसतच राहिले. उंच खुर्चीत तिचे पाय अधांतरी लोंबत होते आणि ती ते झुलवत होती. समोरच्या आरशाभोवती दिवे पेटले होते. ओदेतने तिच्या गालांवर हलकासा गुलाबी रंग फिरवला, केस विंचरून मागे बांधले, आणि मान तिरकी करून बघितलं. छान दिसत होती पोर. नऊ वर्षांची दिसत होती.

दार ढकलून दिग्दर्शक रामी आत आला. स्टुडिओतल्या सगळ्यांसारखा तोही ओदेतला 'तांत', म्हणजे मावशी, म्हणायचा.

"तांत ओदेत, हे काय? शाळेच्या नाटकाला चाललीय का ही? ओठ लाल करा, गडद. डोळ्यांत काजळ लांब ओढा. आणि तो झगा खांद्यावरून जरा खाली येऊ दे. 'छोटी नवरी' असं नाव आहे अत्तराचं. बघणाऱ्याची नजर खिळली पाहिजे."

"कुणाची नजर, रामी? अत्तर तर लहान मुलींसाठी आहे म्हणालास."

"विकत मोठी माणसंच घेतात ना!" रामी हसला. मग फेबीच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. "हे बघ राणी, कॅमेऱ्याकडे असं बघायचं, की तुला एक गुपित ठाऊक आहे आणि ते फक्त त्यालाच सांगायचंय. कळलं?"

फेबीने मान डोलावली. तो बाहेर गेल्यावर तिने हळूच विचारलं, "तांत, कसलं गुपित? मला एकच ठाऊक आहे. आपल्या गच्चीवरच्या मांजरीनं पिल्लं कुठे घातलीत ते. तेच सांगू का?"

 लाल रंगात बुडवलेला ब्रश ओदेतच्या हातात तसाच राहिला.

उभं आयुष्य तिने याच कामात काढलं होतं. कितीतरी नट्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिने झाकली होती, मालिकांतल्या सासवांना सुरकुत्या रंगवून दिल्या होत्या. लग्न राहून गेलं, आई वारली, आणि शुब्रा वस्तीतल्या त्या जुन्या इमारतीत ती एकटी उरली. फेबीचं घर तिच्या खालच्याच मजल्यावर. बाप कुवेतला, आई नाहेद औषधाच्या दुकानात कामाला. शाळा सुटली की फेबी दप्तरासकट वर यायची, ओदेतबरोबर मसुराची डाळ निवडायची, सूप उकळेपर्यंत अखंड बडबडायची. संध्याकाळी ती खाली गेली की घर एकदम मुकं व्हायचं. जाहिरातीला एक लहान मुलगी हवी आहे, हे ओदेतच बोलून गेली होती. साबणाची असेल, फेसाच्या फुग्यांची असेल, असं तिला वाटलं होतं. नाहेदने ते लगेच उचलून धरलं.

आणि ओदेत फेबीची धर्ममाता होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी हे इतकंसं गाठोडं तिच्याच हातांवर होतं. पश्चिमेकडे तोंड करून, डावा हात उंचावून, सैतानाला आणि त्याच्या सगळ्या कारभाराला तिनेच फेबीच्या वतीने नाकारलं होतं. मग पाण्यातून काढलेल्या त्या थरथरत्या अंगाला अबूनांनी, चर्चच्या पाद्रीबाबांनी, पवित्र तेल लावलं. कपाळाला, डोळ्यांना, ओठांना. अंगठा ओठांवर टेकला तेव्हा फेबी रडायची थांबली होती आणि तिने तो अंगठा चाखून बघितला होता. सगळे हसले होते.

ओदेतने ब्रश खाली ठेवला. कापूस ओला केला आणि फेबीचा चेहरा पुसायला घेतला.

"का पुसताय?"

"कारण तू आहेस तशीच पुरेशी आहेस."

तेवढ्यात नाहेद आली. पुसलेला चेहरा बघून ती जागीच थबकली.

"हे काय चालवलंयस ओदेत? सगळी माणसं बाहेर ताटकळलीत!"

"नाहेद, बाहेर बोल माझ्याशी."

"इथंच बोल."

"पोरीला नवरी करतायत हे. तिला बाई करून मोठ्यांसमोर उभी करतायत. तुला दिसत नाही?"

"मला काय दिसतं सांगू? घराघरात मुली मोबाइलसमोर नाचतात, त्यांना कुणी नावं ठेवत नाही. माझ्या मुलीला एक संधी आली तर तुझ्या पोटात दुखतं! जाहिरात आहे गं, उद्या लोक विसरतील."

"मी तिची धर्ममाता आहे."

"मग सणाला बाहुली दे आणि गप्प बस. स्वतःचं मूल असतं म्हणजे कळलं असतं, आईला काय काय करावं लागतं ते."

ओदेतने कापूस मुठीत दाबून धरला. फेबी आरशातून आळीपाळीने दोघींकडे बघत होती. तिचे पाय झुलायचे थांबले होते.

मेकअप करणारी दुसरी मुलगी मिळायला वेळ लागला नाही. ओदेत आपली पेटी उचलून निघाली तेव्हा दाराआडून रामीचा आवाज येत होता, "हनुवटी खाली... डोळे वर... शाब्बास, अशीच!"

त्यानंतर स्टुडिओतून तिला बोलावणं आलं नाही. फेबीचं वर येणंही बंद झालं. शाळा सुटल्यावर ती शेजारच्या इमारतीत आत्याकडे जाऊ लागली. ओदेत अजूनही दोघींपुरतं सूप करायची आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी गरम करून खायची. जिन्यात पावलं वाजली की रेडिओचा आवाज कमी करायची. पावलं खालीच थांबायची.

मग मेट्रो स्टेशनच्या तोंडाशी 'छोटी नवरी'चा इमारतीएवढा उंच फलक लागला. ओदेतने बसमधून तो बघितला. लाल ओठ, उघडा खांदा, अर्धवट मिटलेले डोळे. रंग सफाईने लावला होता, यात वाद नव्हता. फलकाखाली चहा पीत उभ्या असलेल्यांपैकी एकाने वर बघून काहीतरी म्हटलं आणि बाकीचे खिदळले. ओदेतने मान फिरवली.

ती अबूनांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दाढीवरून हात फिरवला, "बोलतो मी," म्हणाले. आणि रविवारी प्रवचनात ते बोलले, पण मुलींच्या कपड्यांवर. बाह्या केवढ्या असाव्यात, झगे कुठवर असावेत. बायकांच्या बाजूला बसलेल्या मुली माना खाली घालून बाह्या ओढू लागल्या. पलीकडे बाप, भाऊ, काका निवांत बसले होते. 'मी यांच्याबद्दल सांगत नव्हते हो,' ओदेत मनात म्हणाली. 'मी बघणाऱ्यांबद्दल सांगत होते. विकणाऱ्यांबद्दल.' पण ते उठून बोलायचं धाडस तिला झालं नाही. पुढच्याच बाकावर फेबी होती. तिने स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून मुठीत धरल्या होत्या.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चच्या अंगणात नुसती झुंबड उडाली होती. ओदेत पायरीवर बसून पोरांना खजुरीच्या पातीचे क्रूस, मुकुट, अंगठ्या विणून देत होती. गर्दी ओसरली तेव्हा समोर एक सावली येऊन थांबली.

"तांत, मला मुकुट."

फेबी उंच झाली होती, की वाळली होती, कोण जाणे. ओदेतने हिरवी पात घेतली आणि ती विणू लागली.

"तांत, तो फलक कायमचा राहणार का तिथे?"

"नाही गं. त्याच्यावर दुसरा चिकटवतील."

"कधी?"

"सणानंतर, बहुतेक. दुसरी कुठली जाहिरात आली की."

फेबीने थोडा विचार केला. "वर्गातली मुलं मला 'नवरी' म्हणून हाक मारतात. दुकानदार पण. तो खूप मोठा आहे, अम्मो आहे, काकांएवढा, तरी म्हणतो." मग आवाज आणखी उतरवून म्हणाली, "मी काही वाईट केलं का?"

"तू काहीच केलं नाहीस," ओदेत म्हणाली. "ऐकलंस? काहीच नाही."

तिने मुकुट फेबीच्या डोक्यावर ठेवला. तो थोडा मोठा झाला, कानांवर टेकला. फेबीने तो दोन्ही हातांनी धरला.

नाहेद फाटकापाशी उभी होती. किती वेळ उभी होती आणि काय ऐकलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"चल, फेबी."

"मम्मा, मेट्रोकडून नको."

ओदेत गुडघ्यावर हात टेकून उठली. "मी सोडू का तिला? मागच्या गल्लीनं?"

"नको," नाहेद म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण बोलावणंही नव्हतं. "मी आहे."

तिने फेबीचा हात धरला. मेट्रोचा रस्ता उजवीकडे, जवळचा. मागची गल्ली लांबची, कचऱ्याची, नाहेदला कधीच न आवडणारी. फाटकाबाहेर ती क्षणभर थांबली, आणि डावीकडे वळली.

ओदेत अंगणात उभी राहून बघत राहिली. गर्दीतून एक हिरवा मुकुट थोडा वेळ दिसत होता. मग ती खाली वाकली आणि पायरीवर विखुरलेले पातीचे तुकडे एकेक करून वेचू लागली.