जेबेझची नोंद

मित्रांनो, मी चर्चमधली एक जुनी नोंदवही आहे. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या पाणथळ मुलखात, हॉलोबी गावात माझं आयुष्य गेलं. गावात मूल जन्मलं, की पाद्री त्याच्या कपाळावर पाणी शिंपडत आणि टाक बुडवून त्याचं नाव माझ्यात लिहीत. सोबत आईबापाचं नाव आणि तारीख. तेव्हा माझा काय मान होता! हात पुसल्याशिवाय मला कुणी शिवत नसे.

पानं संपली आणि माझी रवानगी लोखंडी पेटीत झाली. झाकण पडलं, कुलूप लागलं. ना उजेड, ना वारा. बाहेर घंटा वाजत, लग्नं लागत. मला फक्त ऐकू येई.

एके दिवशी जेबेझ नावाचा तरुण आला. दोन गावं पलीकडच्या शेतमजुराने त्याला वाढवलं होतं. "हॉलोबीत जन्मलास, आई टाकून गेली," एवढंच त्याला ठाऊक होतं.

"तिचं नाव तरी बघू द्या," तो नव्या पाद्रींना म्हणाला.

"कशाला उकरून काढतोस? आणि किल्लीही सापडत नाही."

त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत होता. मला स्पष्ट ऐकू आला. मित्रांनो, त्याची आई माझ्याच पोटात होती! पण मी सांगणार कशी? वाचणारा असेल, तरच वहीला वाचा. त्याचे बूट वाजत वाजत दूर गेले.

मग एका हिवाळ्यात पुराचं पाणी पेटीत शिरलं. पानं एकमेकांना चिकटली, बुरशी चढली. माझा श्वासच कोंडला.

कितीतरी वर्षांनी कुलूप करकरलं. समोर चर्चचा म्हातारा राखणदार ईनॉक होता आणि चौऱ्याहत्तर वर्षांची हेस्टर. जेबेझची मुलगी!

"बाई, पान फाटता कामा नये हं."

"अहो, फाडायला या बोटांत जोर कुठाय!"

वडिलांच्या जन्मसालाचं पान नेमकं चिकटलेलं. ईनॉकने लोणी लावायची बोथट सुरी हळूहळू आत सरकवली. पानाचा भुगा झाला. हेस्टर तो ओंजळीत गोळा करू लागली.

"थांबा," ईनॉक वाकून म्हणाला. "समोरच्या पानावर शाई उमटलीय. पण सगळं उलटं."

हेस्टरने पर्समधून छोटा आरसा काढला.

"आता पावडर लावताय होय?"

"गप्प बसा आणि वही खिडकीशी धरा!"

आरशात अक्षरं सुलटी झाली. ती अडखळत वाचू लागली, "जेबेझ. आई केझाया टोयन, मोलकरीण." समासात बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. "आई बाळंतपणातच वारली."

हेस्टरने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"टाकून नव्हती गेली हो," ती म्हणाली. "बाबा मरेपर्यंत तिला दोष देत राहिले."

"चहा आणू?"

"नको. तिला कुठं पुरलंय ते दाखवा."

"गरिबांच्या कबरींना दगड कुठले? सगळ्या त्या उत्तरेच्या भिंतीकडं."

मला खिडकीत उघडीच ठेवून दोघं बाहेर गेली. वारा माझ्या पानांत शिरला. भिंतीपाशी उभी राहून हेस्टर मोठ्याने सांगत होती, "केझाया, तुझा जेबेझ जगला. त्याला सहा मुलं झाली."

मित्रांनो, हे जेबेझला कळायला हवं होतं. तुमच्या गावीही माझ्यासारख्या वह्या कुठंतरी कोंडलेल्या असतील. त्यांना ऊन दाखवा, ओल लागू देऊ नका. आणि कुणी आपलं माणूस शोधत आलं, तर त्याच दिवशी त्या उघडा. आम्ही शंभर वर्षं थांबू शकतो. माणसाला तेवढं थांबता येत नाही.