आगाऊ रेघ

"पूड धुतली की वाऱ्याले दाखवायची नाही, जया. लगेच अल्कोहोलात बुडव. तांबं इतकं बारीक झालं की त्याले हवा सोसत नाही."

तिचे आधीचे मार्गदर्शक बापूजी निवृत्त होऊन खाप्याला गेले, तरी त्यांचं हे सांगणं जयाच्या कानात राहिलं होतं. मोरचुदाच्या निळ्या पाण्यातून नजरेला न दिसण्याइतकं बारीक तांबं काढायचं, हे त्यांनीच तिला शिकवलं. पाच वर्षं ती तेच करत होती. बापूजी निवृत्त झाल्यावर एकदाच असं झालं, धुतलेली पूड दुपारभर उघडी राहिली. तिचीही क्ष-किरण फिल्म जयाने काढून ठेवली. तांब्याच्या रुंद रेघांच्या अलीकडे एक फिकट, आगाऊ रेघ उमटली होती. पूड गंजल्याची खूण.

श्रावणातल्या शनिवारी ती प्रयोगशाळेत शिरली, तर तिचे नवे मार्गदर्शक मारोतराव तिच्याच खणातला लिफाफा काखेत मारून निघालेले.

"सोमवारी पुण्याच्या पाहुण्यांपुढे मी बोलून राहिलो आपल्या तांब्यावर," ते म्हणाले. "तुझं नाव मागाहून पाहू. सोमवारी तुझं मौन असते ना वं? बरंच झालं."

लिफाफ्यावर लाल फुली होती. आत बिघडलेल्या पुडीची फिल्म. चांगली फिल्म घरी, वहीत होती. त्यांना सावध करायला एक वाक्य पुरलं असतं.

"बरं, सर," जया म्हणाली.

शिपाई धोंडबा चंचुपात्रं विसळता विसळता पुटपुटला, "पाच साल घुसळलं पोरीनं, अन् लोणी यांच्या मिशीले!"

सोमवारी शंकराला बेल वाहताना तिने क्षमा मागितली नाही. 'त्यांना बोलू दे, देवा,' तिने मनात म्हटलं. 'पोटभर बोलू दे.'

सभागृहात मारोतराव तासभर बोलले. पाहुण्यांनी फिल्म उजेडात धरली, डोळ्याला भिंग लावलं.

"ही अलीकडची रेघ कशाची?"

"कण बारीक आहेत ना, म्हणून."

"बारीक कणांनी रेघ रुंद होते, मारोतराव. नवी जन्माला येत नाही."

सभागृह हसलं. मारोतरावांनी घाम पुसला आणि जयाकडे बोट केलं. "पूड धुते ही. हिनंच घोळ केला असंल."

"काय हो बाई?" पाहुण्यांनी विचारलं.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिने चिठ्ठीवर लिहिलं, 'आज मौन आहे. उद्या दहा वाजता सांगेन.' पाहुण्यांनी ती वाचली. "मी सीताबर्डीलाच उतरलोय. वाट पाहतो."

दिवेलागणीला मारोतराव तिच्या दारात उभे. "जया, फिल्म चुकून बदलली म्हण नं. तुझं नाव पहिलं टाकतो."

जयाने तीर्थ घेतलं, मौन सोडलं. "या, सर. उपास सोडतेच आहे. फराळ करता?"

"अवं, फराळाचं काय घेऊन बसलीस! माझी लाज जाते."

"साबुदाणा गरम आहे," ती हळूच म्हणाली.

ते तसेच गेले.

मंगळवारी पूजा आटोपून तिने वही उघडली. पूड उघडी राहिली त्या दुपारच्या पानावर तिच्याच अक्षरात होतं: 'पूड गंजली. ही फिल्म वापरू नये.' खाली 'पाहिले', आणि मारोतरावांची सही. दर शनिवारी ते पानं न वाचताच सह्या ठोकत.

तिने त्या पानात खुणेला कागद घातला, चांगली फिल्म शेजारी ठेवली. साडेनऊला चपला घातल्या, फाटक आवाज न करता ओढून घेतलं आणि सीताबर्डीच्या रस्त्याला लागली.