शंकासुराची गोळी

आमच्या हॉस्पिटलच्या औषधखोलीतलं यंत्र चुकत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. पेशंटच्या गोळ्या ते एकेक करून उचलतं, कॅमेऱ्यासमोर धरतं आणि पाकिटात भरतं. ओळख पटली की हिरवा दिवा, नाही पटली की लाल. लाल लागला की माणसानं पाकीट उघडून बघायचं आणि मगच 'पुढे'चं बटण दाबायचं.

माझ्या वरिष्ठांचा मात्र त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. आम्ही त्यांना शंकासुर म्हणायचो, अगदी तोंडावर. रोज सकाळी ते कुणाच्या तरी गोळ्यांत तेच औषध, तेवढ्याच ताकदीचं, पण दुसऱ्या कंपनीचं गुपचूप मिसळायचे. पोटात गेलं तरी अपाय नाही, फक्त रंग वेगळा. यंत्र दर वेळी लाल दिवा लावायचं. "पास झालं हो तुमचं लेकरू," असं चिडवत मी न बघताच 'पुढे' दाबायचे. त्यांचीच गोळी असणार, त्यात बघायचं काय?

त्या आठवड्यात माझी थोरली बहीण वरच्या मजल्यावर होती. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू होती. जास्त झाली तर आतल्या आत रक्तस्राव, कमी झाली तर गुठळी, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं. माझा जीव टांगणीला आणि ताई निर्धास्त. तुझ्याकडून आलीय म्हटल्यावर मी कशाला बघू, म्हणायची आणि गोळी गिळून टाकायची.

एके दिवशी शंकासुर दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, उशिरा येणार होते. नेमका ताईच्या पाकिटावर लाल दिवा लागला. आदल्या संध्याकाळीच गोळी मिसळून गेले असणार, असं मी धरूनच चालले. माझं डोकं फिरलं. एवढे पेशंट असताना यांना माझीच बहीण सापडली? रागाच्या भरात मी 'पुढे' दाबलं आणि पाकीट वर गेलं.

ते गालाला रुमाल लावून आले तेव्हा मी त्यांना दारातच धारेवर धरलं. परीक्षाच घ्यायची तर दुसऱ्या कुणाच्या पाकिटात घ्या, असं मी म्हणाले.

त्यांनी रुमाल बाजूला केला. "मी काही घातलेलं नाही. आणि तुझ्या बहिणीच्या पाकिटाला मी हात लावीन, असं वाटलंच कसं तुला?"

म्हणजे तो लाल दिवा खरा होता. त्यांनी वॉर्डला फोन लावला, मी लिफ्टची वाट न बघता जिना गाठला. ताईच्या एका हातात पाण्याचा ग्लास होता, दुसऱ्या तळहातावर गोळी. मी झडप घालून गोळी हिसकावली, तेव्हा पाणी सगळं पांघरुणावर सांडलं. वेड लागलंय का तुला, असं ती म्हणाली, आणि मी तिच्या पलंगावर बसून रडले.

शंकासुरांनी खोकं तपासलं. कंपनीकडूनच एक पट्टी चुकीची आली होती, दुप्पट ताकदीची. रंग जरासाच गडद. यंत्राला तो दिसला होता आणि त्यानं तसं सांगितलंही होतं.

"त्याला तपासता तपासता आपलीच सवय बिघडली," शंकासुर म्हणाले. आता ते परीक्षा घेतात ती कुणाचंच नाव नसलेल्या पाकिटावर. खऱ्या पाकिटावर लाल लागला की आम्ही दोघंही हातातलं काम टाकून बघतो.

दुसऱ्या दिवशी ताईची गोळी मी स्वतः वर नेली. तिनं ती तळहातावर घेतली, पण लगेच तोंडात टाकली नाही.

"दिवा कुठला लागला होता?" तिनं विचारलं.

इतकी वर्षं तिला माझं नाव पुरत होतं. मला लागलं ते, आणि हायसंही वाटलं.

"हिरवा," मी म्हणाले.

मग तिनं पाणी मागितलं.