माझा ब्रेक ढिला नव्हता

मित्रांनो, मला म्हातारी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, पण चालता चालता म्हणा. एका जागी उभे राहून ऐकून घेणे माझ्या स्वभावात नाही. मी एक जुनी स्पोर्ट्स गाडी आहे. दोन दारे, दोन आसने, लांब नाक. कारखान्यातून निघाले तेव्हा मी गडद लाल होते. आता कुठे लाल, कुठे विटकरी, आणि डावे दार दुसऱ्याच गाडीचे असल्यामुळे तिथे चक्क शेंदरी आहे.

माझा पहिला मालक मला फक्त रविवारी बाहेर काढायचा आणि तासाभराने पुसून आत ठेवायचा. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. दुसरा मालक लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याने माझे बॉनेट उघडले, डोके आत घातले आणि म्हणाला, "तुला काम पाहिजे." त्यानंतर तेवीस वर्षे मी त्याची होते.

लिफ्टमध्ये माणसे अडकली की त्याला फोन यायचा आणि आम्ही सुसाट सुटायचो. शेजारचे आसन काढून त्याने तिथे हत्यारांची पेटी बसवली. लग्नानंतर आसन परत आले, कारण बायकोने विचारले, "मग मी काय डिकीत बसू?" त्याने माझे इंजिन बदलले. चढावर तापते म्हणून मोठा रेडिएटर घातला. ब्रेक तर चारही चाकांना नवे, चांगले जाडजूड. शौकीन लोक नाके मुरडायचे, अस्सल गाडीची पार वाट लावली म्हणायचे. पण घामाघूम माणसे लिफ्टमधून सुटून खाली येत आणि मला पाहून हसत, तेव्हा मला कसे फुलून यायचे! चार लाख किलोमीटर कधी झाले ते कळलेही नाही.

मग मिस्त्री खड्डे चुकवेनासा झाला. चाक आत गेल्यावरच त्याला खड्डा कळायचा. मी आधी चिडले, मग घाबरले. सकाळच्या उन्हात तो डोळे किलकिले करायचा. सिग्नल सुटला हे त्याला शेजारच्या गाड्या निघाल्यावर समजायचे. ही गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती. मला बोलता येत नाही आणि तो बोलणार नव्हता.

एके सकाळी आम्ही घरी परतत होतो. त्याची बायको फाटक उघडून तिथेच सावलीत टपाल चाळत उभी होती. त्याचा पाय काही ब्रेकवर येईना. ती किंचाळली तेव्हा कुठे त्याने पाय दाबला, आणि मी जीव खाऊन थांबले. तिच्या गुडघ्यांपासून जेमतेम वीतभर अंतरावर.

"अहो, काय झालं?" तिने विचारले.

"ब्रेक ढिला पडलाय," तो म्हणाला. "जुनी झाली ना आता."

मित्रांनो, ट्रकने माझे दार उखडून नेले होते, तेव्हाही मला इतके लागले नव्हते. स्वतःच्या डोळ्यांचे खापर त्याने माझ्यावर फोडले होते.

"मग विकून टाका ही बया," ती म्हणाली. "साधीशी दुसरी घेऊ."

तो हो म्हणाला. दुसरी गाडी! तिला माझे ब्रेक असणार होते का? पुढच्या वेळी वीतभर तरी जागा उरणार होती का? मला उभ्या जागी चैन पडेना.

गिऱ्हाइके येऊ लागली. पण लिफ्टच्या धंद्यात बिघाड आधी सांगायचा असतो, आणि मिस्त्रीची ती सवय काही जाईना. दुसरा गिअर कुरकुरतो, पावसात छत गळते, उजवी काच हाताने वर ढकलावी लागते, असा पाढा तो वाचायचा. शेवटी तेच, "ब्रेक उशिरा लागतो." गिऱ्हाईक काढता पाय घ्यायचे.

"अहो, गाडी विकताय की तिची तक्रार नोंदवताय?" बायको वैतागायची.

मग पांढरे हातमोजे घातलेला, जुन्या गाड्यांचा एक संग्रहवाला आला. त्याने सगळा पाढा हसतमुखाने ऐकला.

"असू द्या हो! मी कुठे चालवणार आहे?" तो म्हणाला. "हॉलमध्ये ठेवायची. इंजिन मूळचं बसवू, रंग मूळचा देऊ, आणि हे मीटरचे आकडेही शून्यावर आणू."

शून्यावर! म्हणजे आमची तेवीस वर्षे घडलीच नाहीत. बायकोला तो फार पसंत पडला. मिस्त्री मात्र मीटरकडे तोंड करून म्हणाला, "परवा सांगतो."

दुसऱ्या दिवशी जनावरांची डॉक्टर आली. बुटांना चिखल, बाहीवर वाळके गवत. आल्या आल्या ती खाली आडवी होऊन माझ्या पोटाखाली शिरली. तिची गाडी बंद पडली होती आणि लांबलांबच्या गोठ्यांवर तिला रोज जायचे होते. तिने प्रत्येक दोष नीट विचारून घेतला आणि किल्ली मागितली. मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या डाव्या आसनावर बसला.

रिकाम्या रस्त्यावर तिने तीनदा ब्रेक मारला. एकदा हळू, एकदा वेगात, एकदा उतारावर. मी तिन्ही वेळा होते नव्हते ते बळ लावले. परत आलो तेव्हा बायको फाटकाशीच उभी होती.

"काका, बाकी सगळं खरं आहे," डॉक्टर म्हणाली. "गिअरचं तर तुम्ही कमीच सांगितलंत. पण ब्रेक एकदम चोख आहे. मग असं का सांगता?"

मिस्त्री दार उघडून खाली उतरला.

"जनावरांना बोलता येत नाही," ती म्हणाली, "म्हणून मालकाला खोदून विचारायची सवय लागलीय. राग मानू नका."

माझे इंजिन चालूच होते. त्याने माझे शेंदरी दार हलकेच लावले.

"ब्रेक उशिरा लागत नाही," तो म्हणाला. "मी उशिरा लावतो. मला दिसत नाही."

"कधीपासून?" बायकोने विचारले.

"दोन वर्षं होतील."

तिने फाटक घट्ट धरले. "म्हणजे त्या दिवशी मी..."

"हो."

पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "साधी गाडी पण नको मग. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. बसने."

"बसने," तो म्हणाला.

संग्रहवाल्याला नकार गेला. डॉक्टर मला विकत घेऊन निघाली, तेव्हा मिस्त्रीने चाचपडत माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि मला एकटीला ऐकू जाईल असे म्हणाला, "चुकलो गं."

मित्रांनो, आता माझ्या अंगाला औषधाचा आणि शेणाचा वास येतो. परवा तर एक वासरू डाव्या आसनावर बसून आले आणि त्याने आसन खराब केले. माझी काही तक्रार नाही. तुम्हाला एवढेच सांगते, वस्तू जपायची असेल तर तिला तिच्या कामात ठेवा. आणि जिला तोंड नाही, तिच्या माथी आपली चूक मारू नका. आमच्यासारख्यांना लागते ते कोणाला दिसत नाही.

बघा, डॉक्टरचा फोन वाजला. कुठेतरी गाय अडली आहे. बाजूला व्हा पाहू, मला निघायचे आहे.