पत्नीचा कप्पा

“ताई, तुमचा प्रोग्राम परत बंद पडलाय,” फोनवर वॉर्डातली सिस्टर म्हणाली. “आजोबा केव्हाचे बूट घालून बसलेत. घरी सोडायचा कागदच निघत नाहीये.”

रुग्णालयाचा हा प्रोग्राम फोन घेणाऱ्या ताईनेच लिहिला होता. तो रुग्णाची नोंद उघडायचा, तिच्यातला कुटुंबाचा कप्पा, त्याच्या आतला पत्नीचा कप्पा, आणि तिथून फोन नंबर उचलून कागदावर छापायचा. आजोबांपाशी येऊन तो दर वेळी कोसळत होता.

“थेट हात घालू नकोस,” शेजारचा सहकारी म्हणाला. “कप्पा आहे का ते आधी विचार. नसला तर त्याच्या जागी रिकामा डबा आहे असं धरून पुढे चल.”

तिने तसं केलं. प्रोग्राम पुन्हा तिथेच आपटला.

“आता काय झालं?”

तिने नोंद डोळ्यांनी वाचली. पत्नीचा कप्पा जागेवर होता, म्हणून रिकामा डबा मिळालाच नव्हता. आत मात्र काहीच नव्हतं, आणि त्या ‘काहीच नाही’तून नंबर उचलायला जाऊन प्रोग्राम आपटत होता. नाव, नंबर, सगळं कोणीतरी पुसलं होतं.

“बाई गेली असणार,” ती पुटपुटली.

“मग माझा नंबर टाक आणि मोकळी हो.”

“उद्या त्यांना काही झालं तर फोन तुला येईल. काय सांगशील?”



तिने प्रोग्राममधली ओळ बदलली. कप्पा नसो, की असून रिकामा असो, दोन्ही वेळा रिकामा डबा धरायचा. नंबर नाहीच मिळाला तर प्रोग्रामने सिस्टरला विचारायचं. मग ती स्वतःच वर वॉर्डात गेली.

“आजोबा, वेळ पडली तर फोन कोणाला करू?” सिस्टरने विचारलं.

“हिचाच नंबर असायचा सगळीकडे. आमच्या वरच्या मजल्यावर एक शिकवणीवाल्या बाई आहेत. पण त्यांना विचारायला हवं.”

त्यांनी उभं राहून, शर्ट नीट करून फोन लावला. बराच वेळ नुसतं ऐकत राहिले.

“हो म्हणाल्या,” फोन ठेवत ते म्हणाले. “इतके दिवस इथे आहे ते कळवलं नाही म्हणून झापलं मात्र चांगलंच.”

कागद निघाला.

“माझ्यामुळे खोळंबा झाला ना तुमचा?”

“नाही आजोबा,” ताई म्हणाली. “चूक माझीच होती. पत्नीच्या कप्प्यात नंबर नसेल, हे मी धरलंच नव्हतं.”

“हिचा कप्पा काढलात का?”

“नाही. आहे तिथेच आहे.”

त्यांनी मान हलवली. पिशवी डाव्या हातात घेतली, आणि समोरून येणाऱ्या एका बाईसाठी उजव्या हाताने दार धरून उभे राहिले.