दोन ट्रॅक्टर बाजूबाजूनं

गावात ट्रॅक्टर एकच होता, आणि तोही वर्षातले आठ महिने सरपंच टेकचंदच्या अंगणात कोंबड्यांना बसायला दिलेला. तरी उन्हाळ्यात शेतांमधल्या अरुंद वाटेकडे बोट दाखवत टेकचंद म्हणाला, "पांदन अशी पाह्यजे भैय्या, का दोन ट्रॅक्टर बाजूबाजूनं गेले पाह्यजे." दुसरा ट्रॅक्टर कोणाचा, हे भैय्यालालने विचारलं नाही. दोघं चौथीपर्यंत एका पाटीवर शिकले होते.

धानाच्या मुलखात माणूस एकवेळ सोयरीक मोडेल, पण शेताचा धुरा मोडणार नाही. त्या वीतभर मातीच्या बांधापायी सख्खे भाऊ कोर्टात म्हातारे झालेत. पांदन रुंद करायला भैय्यालालने पहिला धुरा स्वतःचा फोडला, मग घरोघर फिरून बावीस जणांचे फोडवले. शेवटी राहिली पार्वताबाई. एकटी बाई, तलावाखालची एकच बांधी, तेवढंच तिचं धानाचं शेत.

"काकी, माही जबान," तो म्हणाला. तिनं सात हात जागा सोडली.

मृग लागला आणि पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. तलावाच्या वरच्या पडीक जमिनीत शहराचा कचरा डेपो प्रस्तावित. रोज चाळीस ट्रक. हीच जागा का, तेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं: रुंद पोचरस्ता तयार, ग्रामस्थांनी स्वखुशीने दिलेला.

भैय्यालालने नोटीस तीनदा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, म्हणजे पंचायतीत लिहिलेली नव्हती.

टेकचंदने त्याला खुर्ची दिली. एरवी खाटेवर शेजारी बसवायचा.

"तुले माहीत होतं?"

"होळीपासून."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुले खोटं बोलता येत नाही गा. सांगतलं असतं तं लोकायनं तुह्या तोंडावरच वाचलं असतं." टेकचंदने चहा पुढे सरकवला. "म्हणून तं तुलेच धाडलं."

चहात साखर बरोबर होती. भैय्यालालने तो अर्धा सोडला.

सकाळी फावडं घेऊन तो आपला धुरा पुन्हा जुन्या जागी बांधायला लागला. पांदन बैलगाडीपुरती उरली तर ट्रक येतीलच कसे, एवढा साधा हिशेब. पार्वताबाई येऊन उभी राहिली.

"कोणाचा बांधून राहिला?"

"माहा, काकी."

"फोडाले माह्या घरी आलता. बांधाले बरा आपल्या बांधीत गेला." ती तलावाकडे बघत होती. "त्या कचऱ्याचं पाणी पहिले कोणाच्या धानात उतरन?"

भैय्यालालने फावडं खांद्यावर टाकलं आणि तिच्या शेताकडे निघाला.

दुपारी डेपोच्या मोजणीची जीप आली. पुढच्या सीटवर टेकचंद. जीपने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. भैय्यालालने मान वर केली नाही. धुरा गुडघ्यापर्यंत आला होता.

शेतात राबणाऱ्याला पाणी विचारायची इथली रीत आहे, मग तो वैरी का असेना. पार्वताबाई कळशी घेऊन धुऱ्यावर बसून होती. तिनं विचारलं नाही. त्यानं मागितलंही नाही.