नुसता एक नंबर

थोरली सकाळी आठलाच किनाऱ्याच्या रस्त्याला लागायची. एका हातात खळीची बादली, काखेत शनिवारच्या नाचगाण्याची पोस्टरं. हॉटेलवाल्यांसाठी असे कार्यक्रम भरवायचे, वादक ठरवायचे, गर्दी जमवायची, हा तिचा धंदा. सहा वर्षांत तिच्या फोनात चार हजार माणसं जमली होती. कोणती मुलगी एकटी येते, तिला घरी कोण सोडेल, सगळं तिला तोंडपाठ. फाटकावर एक बाई उभी केल्याशिवाय ती कार्यक्रम सुरूच होऊ देत नसे. धाकटी बहीण दिवे आणि आवाज सांभाळायची.

"तू माणसं गोळा कर ताई, नाचवायचं मी बघते," ती म्हणायची.

वडील वाळूवर खुर्च्या-छत्र्या भाड्याने देत. थोरलीला स्थळ आलं तेव्हा मुलाचे वडील म्हणाले, "आम्ही हुंड्याच्या विरुद्ध. एक वाटीसुद्धा नको." आईनं हात जोडले. चहा संपता संपता ते पुढे म्हणाले, "नुसता तिचा तो धंद्याचा फोन नंबर आमच्या मुलाच्या नावावर करून द्या. सुनेनं रात्री-अपरात्री हिंडणं बरं दिसत नाही. आणि धंदा काय, घरातच राहील."

पाहुणे गेल्यावर थोरली म्हणाली, "बाबा, लोक त्या नंबरवर मला फोन करतात."

"अगं, नवरा काय परका आहे?"

"भांडीकुंडी मागितली असती तर कुठून आणली असती आपण?" आई म्हणाली.

पूर्वी हुंड्याचं सामान भर रस्त्याने जायचं, शेजारीपाजारी दारात उभे राहून बघायचे, निदान दोन बोटं तरी मोडायचे. हा हुंडा एका अर्जावरच्या सहीत गेला. सगळ्यांनी सासऱ्यांचं कौतुकच केलं.

लग्नानंतर जावयानं सगळ्यात आधी फाटकावरची बाई काढली. "तिला बघून गिऱ्हाईक बिचकतं," तो म्हणाला. दुसऱ्याच महिन्यात एका मुलीला फाटकाबाहेर दोघांनी अडवलं. घाबरून तिनं ओळखीचा नंबर लावला. तिकडून पुरुषाचा आवाज आला, "कार्यक्रम संपला. आता आमची जबाबदारी नाही." ती मुलगी त्यानंतर कुठेच दिसली नाही. घरच्यांनी तिची नोकरीही सोडवली, एवढं कळलं.

थोरली भरदुपारी माहेरी आली. वडील वाळूवर खुर्च्या मांडत होते.

"बाबा, नंबर परत मागा."

"दिलेलं परत मागितलं तर धाकटीला कोण करून घेईल?"

तिनं चार खुर्च्या त्यांच्यासोबत मांडल्या आणि पुढची बस धरून ती परत गेली. सासरी आता ती नवऱ्याच्या नावानं जाहिराती लिहून देते.

धाकटी मात्र सगळं बघत होती. तिला बघायला पाहुणे आले.

"थोरलीनं नाव काढलं हो," पाहुणे म्हणाले. "ही काय करते?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "मला काही येत नाही."

तिनं हे शांतपणे सांगितलं. नको म्हणण्याची तिला सापडलेली ही एकच तऱ्हा होती. पण वडिलांना ते लागलं. मुलीचा कमीपणा कोणत्या बापाला सोसतो?

"लाजतेय हो ती," ते घाईघाईनं म्हणाले. "दिवे, आवाज, सगळं एकटी सांभाळते. किनाऱ्यावरची सहा हॉटेलं हिच्याशिवाय दुसऱ्याला बोलावत नाहीत."

"असं?" म्हणत पाहुण्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "हुंड्याचं म्हणाल, तर आम्हीही त्याच्या विरुद्धच आहोत."